नशिराबादच्या पुढचे भोजनालय : भरीत, शेवभाजी आणि न मिटणारे वाद

जळगावहून भुसावळकडे जाणाऱ्या महामार्गावर नशिराबाद मागे टाकले की थोड्याच अंतरावर पत्र्याच्या छपराचे एक भोजनालय लागते. त्याच्या पाटीवर ना मालकाचे नाव आहे, ना कुठल्या देवाचे. ‘भरीत-पुरी, शेवभाजी, कळण्याची भाकरी’ एवढेच तिथे रंगवलेले आहे आणि अलीकडे त्याखाली निराळ्या रंगात ‘पास्ता’ हा शब्द वाढवण्यात आला आहे. या पदार्थांविषयी लिहिताना माझी अडचण अशी, की इथे मी कधीही एकटा जेवलेलो नाही आणि ज्यांच्याबरोबर जेवलो त्यांचे आपसांत एकाही पदार्थावर एकमत झालेले नाही. त्यामुळे माझ्या मताबरोबर त्यांचीही मते इथे द्यावी लागत आहेत.

ही मंडळी म्हणजे यावल तालुक्यात केळीची बाग असलेले अण्णा, शिरपूरकडचे निवृत्त शिक्षक असलेले जिभाऊ, साक्रीचे माहेर असलेल्या वहिनी, म्हणजे अण्णांच्या सौभाग्यवती, आणि सुटीत पुण्याहून येणारा त्यांचा पुतण्या. खान्देश हा बाहेरच्यांना एकच मुलूख वाटतो. पण जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या माणसांना एका टेबलावर बसवून मध्ये भरताचे ताट ठेवले, की तो किती ठिकाणी वेगळा आहे हे ध्यानात येते.

माझे मत आधीच सांगून टाकतो. या रस्त्यावर इतकी ढाबे-भोजनालये असताना मी याच ठिकाणी पुन्हापुन्हा जातो, कारण इथल्या स्वयंपाकघराला स्वतःचे मत आहे. बहुतेक ठिकाणी वेटर आल्याआल्या ‘मीडियम करू की तिखट?’ असे विचारतो आणि आत एकाच पातेल्यातल्या रश्श्यावर कमी-जास्त तर्री ओतून दोघांनाही खूश करतो. इथे तो प्रश्न कोणी विचारत नाही. पदार्थ एकाच रीतीने होतो, तुम्हाला पटला नाही तर तुम्ही तसे बोलून दाखवू शकता, आणि मालक ते हसतमुखाने ऐकून घेऊन पुढच्या वेळीही तसाच करतो.

भरतापासून सुरुवात करणे भाग आहे, कारण मार्गशीर्ष ते माघ या काळात इथली निम्मी गर्दी त्याच्यासाठीच असते. चातुर्मासात वांगे वर्ज्य मानणारी घरे चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून ते पुन्हा खायला लागतात आणि त्यानंतर शेतोशेती भरिताच्या पार्ट्या झडतात. त्यासाठी लागणारे वांगे म्हणजे फिकट हिरवे, मोठे, कमी बियांचे आणि भाजल्यावर लोण्यासारखे मऊ होणारे ‘जळगाव भरीत वांगे’. त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. ते बामणोदचे चांगले की आसोद्याचे, हा या भागातला जुना वाद आहे. अण्णा अर्थातच बामणोदच्या बाजूचे आहेत. आसोदा हे बहिणाबाई चौधरींचे माहेर असल्यामुळे तिथल्या वांग्याला उगाच काव्यात्म मोठेपणा मिळतो, असा त्यांचा आक्षेप असतो, आणि वांग्याला कवितेने चव येत नाही हे मलाही मान्य करावे लागते.

भोजनालयाच्या मागच्या बाजूला उघड्यावर वांगी भाजली जातात आणि ते काम जरूर जाऊन पाहावे. कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचा ढीग रचून ठेवलेला असतो. त्यांची आच झपाट्याने चढते आणि तितक्याच झपाट्याने उतरते; त्यामुळे साल काळीठिक्कर होईपर्यंत आतला गर स्वतःच्याच वाफेवर शिजतो, पण कोरडा पडत नाही. भाजणारा माणूस चिमट्याने वांगे फिरवतो, देठाशी दाबून पाहतो, आणि तिथून रस फसफसून बाहेर आला की ते उचलून टोपल्याखाली झाकतो. साल काढताना वांगे पाण्याखाली धरत नाहीत, ही त्याची बारीक पण महत्त्वाची शिस्त आहे, कारण पाण्याबरोबर धुराचा वासही निघून जातो. बोटे भाजत असतानाही तो साल कोरडीच सोलतो आणि गर लाकडी भांड्यात टाकून लाकडी मुसळीने ठेचतो. इथवर सगळ्यांचे एकमत असते.

वाद फोडणीपाशी सुरू होतो. या भोजनालयात तेलात जिरे, शेंगदाणे आणि सुक्या खोबऱ्याचे काप परतून, त्यात तळून ठेचलेली हिरवी मिरची आणि लसूण घालून, वरून कांद्याची पात जेमतेम दोन हात हलवून मग वांगे टाकले जाते. अण्णांच्या मते भरताला फोडणी म्हणजे त्याच्यावर केलेला अन्याय आहे. पात, मिरची, लसूण आणि कोथिंबीर ठेचलेल्या वांग्यात कच्चीच मिसळावी, वरून कच्चे तेल सोडावे आणि धूर शाबूत ठेवावा, असे त्यांचे म्हणणे. जिभाऊ त्यावर म्हणतात, की शेतात चूल मांडायचा कंटाळा म्हणून कच्च्या भरिताची रीत पडली आणि कंटाळ्याला परंपरेचा मान देण्याचे काही कारण नाही. जिभाऊंचा हा युक्तिवाद चुकीचा आहे, पण तो इतक्या आत्मविश्वासाने मांडला जातो, की अण्णांना उत्तर द्यायला क्षणभर उशीर होतो.

माझा कौल असा : इथली फोडणी आटोपशीर आहे आणि धूर तिच्यात बुडत नाही, हे खरे, पण तेल मात्र हवे त्याहून सढळ हाताने पडते. घास तोंडात गेल्यावर आधी तेल लागते आणि मग वांगे, हा क्रम उलट असायला हवा होता. तेवढ्यापुरते अण्णांचे म्हणणे बरोबर आहे, आणि तेवढेच मी त्यांना देतो.

पुतण्याने एकदा भरतात टोमॅटो का नाही अशी चौकशी केली, तेव्हा अण्णांनी ते परदेशी फळ आहे, त्याचे इथे काय काम, असे सांगून विषय संपवला होता. पण पोरगा वाचणारा निघाला. मिरची आणि भुईमूग हे दोन्ही अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या काळात इकडे आले, टोमॅटोही त्याच खंडातला. तेव्हा परदेशी म्हणून बाहेर काढायचे ठरवले तर ताटात वांगे, लसूण आणि मीठ एवढेच उरेल, असे त्याने शांतपणे मांडले. अण्णा गप्प झाले. प्रश्न सोडवला वहिनींनी. टोमॅटो कुठून आला याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. त्याचे पाणी भरिताला पातळ करते आणि त्याचा आंबटपणा धुराच्या वासावर बसतो, म्हणून तो नको, एवढेच त्या म्हणाल्या. खाण्याच्या वादात मुळाबिळांचा इतिहास काढण्यापेक्षा जिभेवर काय होते ते सांगावे, हा त्यांचा शिरस्ता आहे आणि त्यामुळे त्या बहुधा जिंकतात.

भरिताबरोबर पुरी घ्यावी की कळण्याची भाकरी, यावर मी जास्त शब्द खर्च करणार नाही. पुरी इथे बरी असते, इतकेच. ज्वारीत अख्खे उडीद आणि मीठ घालून जाडसर दळलेल्या पिठाची कळण्याची भाकरी मात्र उत्तम असते. ती स्वतःच्याच खारट-खरपूस चवीवर नुसतीही खाता येते. लग्नाकार्यातली भरीत-पुरी ज्यांच्या आठवणीत आहे त्यांनी पुरी मागवावी. बाकीच्यांनी भाकरी.

शेवभाजी हा या भोजनालयाचा खरा दागिना आहे आणि सर्वांत मोठ्या भांडणाचे कारणही तोच पदार्थ आहे. रस्सा काळ्या मसाल्याचा : कांदा आणि सुके खोबरे जवळजवळ काळसर होईपर्यंत भाजून, आले-लसूण-कोथिंबिरीबरोबर वाटून, त्यात खड्या मसाल्यांचे कूट. दगडफुलाचा मातकट, किंचित कडवट वास ताट समोर येण्याआधी पोहोचतो. काही ठिकाणी रस्सा दाट दिसावा म्हणून शेंगदाण्याचे कूट ढकलतात. त्याने रंग फिका पडतो आणि घशाशी एक गोडसर साय चढल्यासारखे होते. इथे दाटपणा खोबऱ्याचा आहे, त्यामुळे रस्सा पातळसर वाटतो, पण भाकरीचा तुकडा बुडवून वर काढला की त्याला चिकटून येतो.

शेव कधी घालायची, हा मुद्दा. बेसनाची जाड तिखट शेव तळलेली आणि सच्छिद्र असते, त्यामुळे रस्सा ती भराभर पिते. आधी घालून ठेवली तर तिचा लगदा होतो, आणि अगदी ऐनवेळी घातली तर वरून ओली व आतून कोरडी राहते. इथे ती स्वयंपाकघरातच, वाटीत रस्सा ओतताना घालतात. वेटर ताट घेऊन येईपर्यंत, आणि तुम्ही भाकरी मोडून कांदा-लिंबू जवळ ओढेपर्यंत, शेवेची बाहेरची कड मऊ पडलेली असते, मधला गाभा मात्र दाताखाली अजून जाणवतो. ही अवस्था फार वेळ टिकत नाही. बोलत बसलात तर ती गेली. म्हणूनच शेवभाजी आल्यावर आमच्या टेबलावर जी काही शांतता पसरते तीच या पदार्थाला मिळालेली पावती समजावी.

जिभाऊंना हे मान्य नाही. शेव वेगळ्या बशीत द्यावी आणि ज्याने त्याने आपल्या घासापुरती घालावी, म्हणजे प्रत्येक घास कुरकुरीत राहतो, असे त्यांचे ठाम मत आहे. मालकाने त्यांना नम्रपणे सांगितले, की मग ती भाजी राहत नाही. तो रस्सा झाला आणि वर चिवडा झाला. एवढ्यावर जिभाऊ थांबणारे नव्हते. पार्सल नेणाऱ्यांना शेव वेगळ्या पुडीत मिळते, हे त्यांच्या लक्षात आले होते. तेव्हापासून ते काउंटरवर जाऊन शेवभाजीचे पार्सल बांधून घेतात आणि आमच्याच टेबलावर येऊन ते सोडतात. मालक त्यांच्याकडून डब्याचे पैसे वेगळे घेतो. दोघांनाही हा तोडगा न्याय्य वाटतो. मी जिभाऊंच्या वाटीतले दोन घास खाऊन पाहिले आहेत. कुरकुर खरी, पण शेव आणि रस्सा तोंडात एकमेकांना ओळख न देता शेजारून निघून जातात.

काउंटरच्या मागे भिंतीवर स्मिता पाटील यांचे एक कृष्णधवल छायाचित्र लावलेले आहे. जेवण झाल्यावर, बडीशेप चघळताना, वाद तिथे सरकतो. स्मिता पाटील यांचे वडील शिवाजीराव पाटील हे शिरपूरचे, राज्याच्या मंत्रिमंडळात राहिलेले नेते. म्हणून जिभाऊंच्या लेखी ती शिरपूरची लेक. वहिनी दरवेळी आठवण करून देतात, की त्यांचा जन्म १९५५ साली पुण्यात झाला. यावर जिभाऊंचे उत्तर ऐकण्यासारखे आहे : “बामणोदचं वांगं जळगावचं म्हणून मिरवतं, ते अण्णांना चालतं, मग पुण्यात जन्मलेली पोर शिरपूरची म्हटली तर वहिनी, तुमचं काय बिघडलं?”

गावाचा अभिमान बाजूला ठेवला, तरी मूळ प्रश्न उरतोच. ‘अर्थ’ या १९८२ सालच्या चित्रपटात स्मिता पाटील आणि शबाना आझमी समोरासमोर आहेत. नवऱ्याने सोडलेल्या पत्नीच्या भूमिकेसाठी शबाना आझमींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि वहिनींच्या मते तो योग्यच होता. शेवटी परत येऊ पाहणाऱ्या नवऱ्याला नकार देताना त्या पूजाच्या चेहऱ्यावर सूडाची रेघही दिसू देत नाहीत, हे त्या दाखल्यादाखल सांगतात. जिभाऊंचा मुद्दा निराळा आहे. प्रेक्षक पूजाच्या बाजूने आधीच उभा असतो, तिला अर्धी वाट सहानुभूतीच चालवते. दुसऱ्या बाईच्या, अपराधभावनेने आणि असुरक्षिततेने पोखरलेल्या कविताच्या भूमिकेत मात्र प्रेक्षक विरोधात असताना त्याला थांबवून ठेवायचे होते, आणि ते काम जास्त अवघड होते, असे ते म्हणतात. ‘भूमिका’ आणि ‘चक्र’ या चित्रपटांसाठी स्मिता पाटील यांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाले होते, तेव्हा पुरस्कारांच्या हिशेबाने हा वाद सुटणार नाही, हेही ते बजावतात.

अण्णा या दोन्ही पक्षांत नसतात. त्यांना दोघींच्याही अभिनयात मेहनत दिसते आणि दिसणारी मेहनत त्यांना खटकते. त्यांचा माणूस म्हणजे मोतीलाल. बिमल रॉय यांच्या १९५५ सालच्या ‘देवदास’मध्ये दिलीपकुमार दुःखाचा एकेक थर चढवत असताना शेजारी मोतीलाल यांचा चुनीबाबू असा वावरतो, की जणू तो शूटिंगला आलेलाच नाही, सहज भेटायला आला आहे. अण्णांच्या कच्च्या भरिताच्या आग्रहाशी हे मत अगदी जुळते, असे मी म्हणालो, तेव्हा ते रागावले नाहीत. उलट, “मग? चव एकच असते माणसाची,” असे म्हणून त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे ओढला.

मी स्वतः जिभाऊंच्या बाजूने झुकतो, आणि तसे झुकताना शिरपूरचा काही संबंध येत नाही, असे त्यांना सांगून त्यांची थोडी निराशाही करतो. पण हा वाद रंगतो, कारण तिन्ही कलाकारांनी आपापल्या भूमिकेविषयी पक्का निर्णय घेतलेला होता. कविता अशी का वागते, पूजा इतकी शांत का, चुनीबाबू इतका हलका का, असे विचारता येते, कारण विचारण्याजोगे काहीतरी पडद्यावर ठेवलेले आहे. भूमिका सर्वांनाच आवडेल अशा बेताने केली असती, तर बडीशेप संपण्याआधी आमचा विषय संपला असता.

नेमके हेच या भोजनालयाच्या पास्त्याविषयी म्हणावे लागते, आणि इथे मला तक्रार करायची आहे. मुलाबाळांसह येणाऱ्या कुटुंबांसाठी मालकाने तो सुरू केला, हे समजण्यासारखे आहे. पाटीवरची नवी ओळ पाहून पुतण्या खूश झाला होता. लाल सॉस, पांढरा सॉस आणि दोन्ही मिसळून केलेला गुलाबी सॉस असे तीन प्रकार मिळतात. पुतण्या लाल सॉसचा कट्टर पुरस्कर्ता : ऑलिव्ह तेलात लसूण, टोमॅटो, थोडी तुळशीच्या जातीची बेसिलची पाने, साखर अजिबात नाही. वहिनींना पांढरा सॉस अधिक पटतो, कारण लोणी, मैदा आणि दूध एकत्र शिजवून केलेला तो पदार्थ हात बसल्याशिवाय गुठळीविना जमत नाही, आणि कौशल्य लागणाऱ्या गोष्टीबद्दल त्यांना आपोआप आदर वाटतो. त्या दोघांचे भांडण मिटावे म्हणून वेटरने गुलाबी सुचवला, आणि तोच आला.

तो कोणालाच आवडला नाही, पण खरे दुःख हे, की त्यावर कोणी भांडलेही नाही. टोमॅटोचा आंबटपणा दुधाने मारला होता, दुधाचा मऊपणा केचपच्या साखरेने, आणि वर किसलेल्या चीजने उरलेसुरले झाकून टाकले होते. त्याहून खटकले ते पास्त्याचे शिजणे. इटालियन स्वयंपाकी पास्ता अशा बेताने उकडतात, की मध्ये किंचित कस राहावा आणि दाताला तो जाणवावा. त्यासाठी लागणारा कणखरपणा कठीण जातीच्या गव्हाच्या रव्यातून येतो. जे स्वयंपाकघर शेवेच्या गाभ्याला इतके जपते, मालक ज्याच्यासाठी जिभाऊंशी वाद घालतो, त्याच स्वयंपाकघरातून हा पास्ता पुरता गळून बाहेर पडला होता. शेव सांभाळणाऱ्या माणसाला पास्ता सांभाळता येणार नाही असे मला वाटत नाही. त्याला त्या पदार्थाविषयी अजून मत बनवायला वेळ मिळालेला नाही, एवढेच. पुतण्याने लाल सॉस आपल्या रीतीने करून दाखवण्याची तयारी दाखवली आहे, आणि मालकानेही एखाद्या दुपारी गर्दी ओसरल्यावर ये, असे सांगून ठेवले आहे. वहिनींचा मात्र त्या पांढऱ्या सॉसला अजून पाठिंबा कायम आहे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. बसण्याची जागा स्वच्छ आहे, पण महामार्गाच्या बाजूचे टेबल घेऊ नये. ट्रकचा आवाज आणि धूळ, दोन्ही ताटापर्यंत येतात. सेवा घाईची नाही आणि संथही नाही. रविवारी दुपारी बाराच्या पुढे थांबावे लागते. भरीत ताटातही मिळते आणि घरी न्यायचे असेल तर किलोच्या भावानेही मिळते, मात्र वांगी संपली की त्या दिवशीचा विषय संपला. दुसरी कुठली वांगी आणून ते वेळ मारून नेत नाहीत. होळीनंतर वांग्यात बी वाढते आणि चव उतरते, तेव्हा त्यानंतर आलात तर थेट शेवभाजीच मागवा. तिखट कमी करून देण्याची विनंती इथे मान्य होत नाही. दह्याची वाटी मागितली तर मिळते, आणि तिचे पैसे लावत नाहीत.